हात न देण्याचा हक्क

मार्च 1965 मध्ये काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी या पदयात्रेला संरक्षण द्यायला अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस तयार नव्हता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच्याच राज्याचा नॅशनल गार्ड, म्हणजे एरवी गव्हर्नरच्या हाताखाली असणारं राखीव सैन्यदल, केंद्राच्या ताब्यात घेतला आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या यात्रेभोवती उभा केला. जून 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा विरोध धुडकावून तिथला गार्ड ताब्यात घेतला आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर उतरवला. गव्हर्नरने मागणी केलेली नसताना राष्ट्राध्यक्षाने असं पाऊल उचलण्याची 1965 नंतरची ही पहिलीच वेळ होती.

पहिल्या खेपेला अमेरिकेतल्या उदारमतवाद्यांनी राष्ट्राध्यक्षांची पाठ थोपटली होती. दुसऱ्या खेपेला तीच मंडळी राज्याच्या स्वायत्ततेची बाजू घेऊन कोर्टात उभी राहिली. विरोधक यावर हसतात. व्हाइट हाउसमध्ये आपला माणूस असला की केंद्र बलवान हवं, दुसऱ्याचा आला की राज्यांचे अधिकार आठवतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. हा आरोप निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्यात मात्र एक तत्त्व आहे आणि ते खुद्द लिबरलांनाही कधी नेटकं मांडता आलेलं नाही. राज्याने केंद्राच्या कामाला हात द्यायला नकार देणं वेगळं आणि राज्याने स्वतःच्याच रहिवाशांवर हात उगारणं वेगळं. पहिल्याला राज्याचा अधिकार म्हणावं, दुसऱ्याला म्हणू नये. ही रेघ पाळायची तर लिबरलांना काही लाडक्या निकालांवर पाणी सोडावं लागेल आणि काही नावडत्या माणसांच्या शेजारी बसावं लागेल. मला ते सौदा म्हणून परवडण्यासारखं वाटतं.

'राज्यांचे अधिकार' हे शब्द बदनाम का झाले ते सांगायला फार वेळ लागत नाही. 1948 मध्ये दक्षिणेतले डेमोक्रॅट स्ट्रॉम थर्मंड यांच्या मागे फुटून निघाले, तेव्हा त्यांनी पक्षाच्या नावातच हे शब्द घातले होते, आणि त्यांना हवा असलेला अधिकार एकच होता: काळ्यांना वेगळं बसवण्याचा. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळी मुलं जाऊ नयेत म्हणून आर्कान्सॉच्या गव्हर्नरने गार्ड उभा केला आणि आयझेनहॉवर यांना 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवावे लागले. 1980 मध्ये रेगन यांनी मिसिसिपीतल्या नेशोबा काउंटीच्या जत्रेत राज्यांच्या अधिकारांवरचा आपला विश्वास जाहीर केला. 1964 साली नागरी हक्कांच्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला तो याच काउंटीत. ऐकणाऱ्यांना काय ऐकू गेलं असेल ते उघड आहे.

पण कहाणी तिथून सुरू होत नाही. एक शतक मागे गेलं की पात्रांनी जागा बदललेल्या दिसतात.

1850 मध्ये काँग्रेसने पळून गेलेल्या गुलामांना परत धरून आणण्याचा कायदा केला. त्याची कलमं आजही वाचवत नाहीत. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. निवाडा करणाऱ्या केंद्राच्या कमिशनरला, माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर फी मिळे आणि सोडून दिला तर पाच. वाटेने जाणाऱ्या नागरिकालाही पकडापकडीत मदत करण्याचा हुकूम देता येत असे. गुलामगिरी मोडलेल्या उत्तरेकडच्या राज्यांत केंद्र सरकारची इतकी लांब नखं त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

जोशुआ ग्लोव्हर हा मिसुरीतून पळालेला माणूस विस्कॉन्सिनमध्ये रसीन गावाजवळ लाकडाच्या गिरणीत काम करून राहत होता. मार्च 1854 मधल्या एका रात्री तो आपल्या झोपडीत पत्ते खेळत बसलेला असताना त्याचा मालक केंद्राचे मार्शल घेऊन आला. मारहाण करून, बेड्या घालून त्याला मिलवॉकीच्या तुरुंगात नेलं. दुसऱ्या दिवशी जमलेल्या लोकांनी तुरुंगाचं दार फोडलं आणि त्याला बाहेर काढलं. तो पुढे कॅनडात पोचला. लोकांना जमवणारा संपादक शर्मन बूथ याच्यावर केंद्राने खटला भरला, तर विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवून बूथला सोडवलं. 1859 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल एकमताने उलटवला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी. दोनच वर्षांपूर्वी, काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असं ड्रेड स्कॉट खटल्यात लिहिणारे तेच हे. त्यावर विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने केंद्राला उघड आव्हान देणारा ठराव केला. दक्षिणेतल्या कोणत्याही विधिमंडळाला शोभला असता असा.

आणि दक्षिण काय म्हणत होती? डिसेंबर 1860 मध्ये साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटली तेव्हा तिने आपली कारणं लेखी दिली. त्यात उत्तरेकडच्या राज्यांची नावं घेऊन तक्रार आहे की ही राज्यं पळालेले गुलाम परत देण्याचा कायदा पाळत नाहीत. राज्यांनी आपल्या मनाने वागू नये, केंद्राने त्यांना वठणीवर आणावं, ही त्या कागदातली मागणी. राज्यांच्या अधिकारांसाठी यादवी युद्ध झालं असं सांगणाऱ्यांना हा कागद अजूनही पचत नाही.

या गोष्टीला एक शेपूट आहे. टॉनींचा 1859 चा तोच निकाल पुढे 1958 मध्ये, लिटल रॉकच्या प्रकरणात आर्कान्सॉला दटावताना, सर्वोच्च न्यायालयाने आधार म्हणून वापरला. गुलामांच्या मालकांसाठी घडवलेलं हत्यार काळ्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी कामाला आलं. केंद्राच्या किंवा राज्याच्या सत्तेला स्वतःचा असा नैतिक रंग नसतो हे पटवायला मला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरोगामी लोक पुन्हा राज्यांच्या बाजूला होते. न्यूयॉर्कने बेकरीतल्या कामगारांचे तास दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ एवढेच ठेवले, तर 1905 मध्ये केंद्रीय न्यायालयाने तो कायदा फेकून दिला. राज्य ही एक प्रयोगशाळा आहे, बाकी देशाला धोका न लावता तिला नवं काही करून पाहता येतं, असं न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी 1932 मध्ये आपल्या भिन्नमत निकालात लिहिलं, आणि ते उदारमतवादी माणसाचंच वाक्य होतं. महामंदी चालू होतीच. मग रूझवेल्ट आले, 1935 मध्ये सोशल सिक्युरिटी ही निवृत्तिवेतनाची योजना आली. नंतर नागरी हक्कांचे कायदे आले. तीसेक वर्षांत लिबरल माणसाला जे जे हवं होतं ते ते वॉशिंग्टनमधून मिळालं आणि राज्य म्हणजे अडथळा हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या सवयीची किंमत एका प्रकरणात फार स्वच्छ दिसते. 1996 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी डॉक्टरच्या सल्ल्याने गांजा वापरायला मुभा दिली. ऑगस्ट 2002 मध्ये एका आजारी बाईच्या घरी काउंटीचे पोलीस आणि केंद्राच्या अमली पदार्थ खात्याचे लोक असे दोघेही पोचले. काउंटीच्या पोलिसांनी पाहिलं, कागद तपासले आणि सांगितलं, राज्याच्या कायद्यात हे बसतं. केंद्राचे लोक ऐकेनात. तीन तास घासाघीस चालली. शेवटी त्यांनी तिची झाडं उपटून नष्ट केली. झाडं होती सहा. ती विकायला नव्हती, राज्याबाहेर जाणार नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2005 मध्ये 6 विरुद्ध 3 असा निकाल केंद्राच्या बाजूने लागला. आधार काय, तर आंतरराज्य व्यापारावर नियंत्रण ठेवण्याचा काँग्रेसचा अधिकार. ओहायोतल्या एका शेतकऱ्याने ठरवून दिलेल्या 11.1 एकरांऐवजी 23 एकर गहू पेरला, म्हणून त्याला झालेला दंड 1942 मध्ये न्यायालयाने याच अधिकाराखाली उचलून धरला होता. घरच्या घरी वापरलेला गहूही बाजारभावावर परिणाम करतो, हा त्या वेळचा युक्तिवाद. सहा झाडांना तोच लावला.

2005 मधल्या त्या बहुमतात न्यायालयातले चारही उदारमतवादी न्यायमूर्ती होते. आजारी बाईच्या बाजूने उभे राहिलेल्या तिघांत परंपरावादी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस होते. हे चालत असेल तर केंद्र पन्नास राज्यांत गोधड्या शिवायला जमणाऱ्या बायकांवरही नियम लावेल, असा टोला त्यांनी आपल्या निकालात मारला. थॉमस यांच्याशी सहमत होण्याची वेळ माझ्यावर फार येत नाही, पण इथे येते. चार लिबरल न्यायमूर्तींना गांजाबद्दल द्वेष नव्हता. त्यांना 1942 चा निकाल सांभाळायचा होता, कारण नागरी हक्कांचे आणि पर्यावरणाचे कायदे त्याच व्यापाराच्या कलमाला टेकून उभे आहेत. पण सहा झाडं सोडून दिल्याने तो डोलारा कोसळला असता, हे मला पटत नाही.

याच्या आठ वर्षं आधीचा एक निकाल आहे, तेव्हा लिबरलांनी नाक मुरडलेला. बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलीसप्रमुखाने तपासावी असं 1993 च्या ब्रॅडी कायद्याने सांगितलं. माँटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले काउंटीचे पोलीसप्रमुख, कोर्टात गेले आणि 1997 मध्ये 5 विरुद्ध 4 ने जिंकले. केंद्राला आपला कायदा राबवायचा असेल तर त्याने आपली माणसं लावावीत, राज्याच्या अधिकाऱ्यांना वेठीला धरता येणार नाही, असं न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलं. चारही लिबरल न्यायमूर्ती विरोधात. वीस वर्षांनी ट्रम्प यांनी स्थलांतरितांना धरून देण्यात मदत न करणाऱ्या शहरांचे पैसे बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा त्या शहरांच्या वकिलांची ढाल कोणती होती? स्कॅलियांचा हाच निकाल. त्याची मुळं गुलामांच्या काळात आहेत: पळालेल्या गुलामाला पकडण्यात राज्याने आडवं येऊ नये, पण त्यासाठी आपले अधिकारी राबवण्याची सक्ती राज्यावर नाही, असं 1842 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने पेनसिल्व्हेनियाच्या एका खटल्यात म्हटलं होतं.

या उजेडात 1965 आणि 2025 पुन्हा पाहा. अलाबामाच्या पोलिसांनी 7 मार्चला सेल्माच्या पुलावर शांतपणे चालणाऱ्या लोकांना लाठ्यांनी झोडपलं होतं. केंद्रीय न्यायाधीशाने यात्रेला परवानगी दिली तरी राज्य संरक्षण देईना. हात उगारलेला होता तो राज्याचा, आणि केंद्र मध्ये पडलं. लॉस एंजेलिसमध्ये राज्य कोणाला झोडपत नव्हतं. स्थलांतरितांना धरण्यासाठीच्या धाडी केंद्राच्या होत्या, राज्याने त्यात आपले पोलीस घालायला नकार दिला होता, आणि निदर्शनांत झालेली जाळपोळ आवरायला आमचे पोलीस पुरेसे आहेत असं राज्य सांगत होतं. एकाच कायदेशीर कृतीला एकदा होय आणि एकदा नाही म्हणणं म्हणूनच दुटप्पी ठरत नाही. फक्त लिबरलांनी ते पक्ष पाहून न म्हणता ही रेघ पाहून म्हणावं.

राज्यांनी हात आखडता घेतला की काय होतं, याचा अनुभव अमेरिकेतल्या मराठी घरांना नकळत आलेला आहे. एचवनबी व्हिसावर आलेल्या माणसाचं ड्रायव्हिंग लायसन्स साधारणपणे त्याच्या अमेरिकेत राहण्याच्या परवानगीच्या मुदतीबरोबर संपतं. नूतनीकरणासाठी कागदांची फाइल काखोटीला मारून रांगेत उभं राहण्याचा सोहळा दर दोन-तीन वर्षांनी होतो. ही अट राज्यांच्या ओळखपत्रांना केंद्राचे निकष लावणाऱ्या 2005 च्या रिअल आयडी कायद्याची. कार्यालय राज्याचं, काउंटरमागचा माणूस राज्याचा, नियम वॉशिंग्टनचा. पण तो कायदा मूळ वेळापत्रकानुसार 2008 मध्ये लागू व्हायचा होता. 2007 मध्ये मेनच्या विधिमंडळाने आम्ही हे करणार नाही असा ठराव केला, माँटानाने कायदाच केला, मग आणखी राज्यं आली. खर्च कोण देणार हा राग होताच, देशभर ओळखपत्रांची एकच माहिती-जाळी नको ही भीतीही होती. मेन आणि माँटाना यांच्या राजकारणात साम्य कमी, पण दोघांनी हात दिला नाही आणि विमानतळांवरची अंमलबजावणी 7 मे 2025 पर्यंत लांबली. बंड झालं नाही, गोळी सुटली नाही. केंद्राला माणसं पुरली नाहीत, एवढंच.

पैशाचा मामला याहून अवघड आहे आणि तिथे मीही चाचपडतो. दक्षिणेतल्या शाळा प्रत्यक्षात एकत्र आल्या त्या कोर्टाच्या हुकमांइतक्याच केंद्राच्या अनुदानामुळे. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्यांचे पैसे रोखता येऊ लागले, 1965 मध्ये शाळांसाठी मोठा निधी आला, आणि दहा वर्षं कोर्टाला न बधलेली शाळा मंडळं हिशेबाला बसली. एप्रिल 2025 मध्ये ट्रान्सजेंडर खेळाडूंच्या वादावरून ट्रम्प सरकारने मेन राज्याचा शालेय पोषण कार्यक्रमांचा निधी गोठवला. कोर्टाने तो सोडायला लावला, पण हत्यार तेच. लिबरलांनी घडवून कोपऱ्यात ठेवलेलं, दुसऱ्याने उचललेलं. 2012 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यातली, मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेचा राज्यांचा सगळा निधी तोडण्याची धमकी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 ने रद्द केली, आणि त्या सातांत ब्रायर आणि केगन हे दोन लिबरल न्यायमूर्ती होते. तेव्हा आपल्याच लोकांनी घात केला असं अनेक लिबरलांना वाटलं. आज त्या दोघांचे आभार मानायला हवेत.

इथे डॉ. आंबेडकरांची आठवण अपरिहार्य आहे. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांना अमेरिकेचं संघराज्य जवळून ठाऊक होतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेच्या दुहेरी व्यवस्थेशी आपल्या घटनेची तुलना केली आणि भारतात नागरिकत्व एकच राहील हे ठासून सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं होतं. जवळची सत्ता म्हणजे आपली सत्ता, हा भाबडेपणा त्यांच्याकडे नव्हता. गावकीची सत्ता कोणाच्या पाठीवर चालते हे त्यांना माहीत होतं. अलाबामातल्या काळ्या माणसाला ते वेगळ्या शब्दांत माहीत होतं. पण बाबासाहेबांच्या अनुयायांनी अमेरिकेत जातिभेदाविरुद्ध पहिला कायदा कुठे मिळवला? वॉशिंग्टनच्या संसदेत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलच्या नगर परिषदेत. केंद्राच्या भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द नाही आणि तो तिथे जायला किती वर्षं लागतील कोण जाणे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसा कायदा मंजूर केला, पण आताचे कायदे पुरेसे आहेत असं म्हणून न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये तो नाकारला. राज्यांच्या अधिकारांचे आजचे नायक तेच न्यूसम.

केंद्राने हक्कांची जमीन घालून द्यावी आणि राज्यांना हवा तेवढा मजला चढवू द्यावा, जमीन खोदू देऊ नये, हे म्हणणं सोपं आहे. जमीन कुठे आहे यावर मात्र एकमत नसतं. जून 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि प्रश्न राज्यांकडे सोपवला. सहा आठवड्यांत कॅन्सससारख्या रिपब्लिकन राज्यात मतदान झालं आणि सुमारे 59 टक्के लोकांनी गर्भपाताचं संरक्षण काढायला नकार दिला. लिबरल हरखले. पण शेजारच्या मिसुरीतली बंदी तशीच होती, आणि तिथल्या बाईला सीमा ओलांडण्यासाठी गाडी, रजा आणि पैसे लागणारच होते. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्सने टेक्सससारख्या राज्यांच्या खटल्यांपासून आपल्या डॉक्टरांना वाचवणारे कायदे केले. हा हात न देण्याचाच हक्क, आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण गर्भाचा जीव हीच आमच्यासाठी जमीन, असं समोरचा प्रामाणिकपणे म्हणतो तेव्हा संघराज्याची कोणतीही रचना माझ्या मदतीला येत नाही. तिथे स्त्रीच्या शरीरावर कोणाचा ताबा, हा वाद सरळ घालावा लागतो. राज्यांच्या अधिकारांच्या आडून तो जिंकता येत नाही, हरवताही येत नाही.

आणि शेवटी मिसुरीच्याच बंदुका. 2021 मध्ये त्या राज्याने केंद्राचे काही बंदूक कायदे आपल्या हद्दीत निरर्थक ठरवले आणि ते राबवायला मदत करणाऱ्या पोलीस खात्याला 50,000 डॉलरपर्यंत दंड ठेवला. केंद्रीय अपील न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये तो कायदा रद्द केला, पण निकालात एक गोष्ट मान्य केली: राज्य आपली मदत काढून घेऊ शकतं, केंद्राचा कायदा रद्द झाला असं मात्र जाहीर करू शकत नाही. विस्कॉन्सिनने बूथसाठी हीच मर्यादा ओलांडली होती, ग्लोव्हरसारख्या माणसासाठी ओलांडली होती, आणि मिलवॉकीत मी असतो तर दार फोडणाऱ्यांतच असतो असं मला वाटायला आवडतं. तरीही मिसुरीचा शेरीफ उद्या केंद्राच्या बंदूक अधिकाऱ्यांना म्हणाला की तुमचा कायदा तुम्ही राबवा, माझे शिपाई येणार नाहीत, तर त्याला देशद्रोही म्हणण्याचा अधिकार लॉस एंजेलिसच्या पोलिसांची पाठराखण करणाऱ्या कुणालाही नाही. त्या शेरीफाच्या हाती सत्ता आहे म्हणून मला भीती वाटते. ती मी त्याच्या मतदारांना पटवून कमी करायची, त्याला वॉशिंग्टनचा हवालदार बनवून नव्हे.